लॅपटॉपची गावपळण

एक ओळ. फक्त एक ओळ! काळ्या खिडकीत ती लिहायची, एंटर दाबायचं आणि उठून आत जायचं. आपण चहात आलं किसतोय तोवर तिकडे लिबरऑफिस उतरतं, फायरफॉक्स येतं, व्हीएलसी येतं, पीडीएफ वाचायचं, फोटो कापायचं, झिप उघडायचं असं एकेक येऊन आपापल्या जागी बसतं. कुठे ‘नेक्स्ट’ दाबायचं नाही, कुठे चौकोनात खूण करायची नाही, सोबत गुपचूप घुसणारा फुकटा टूलबार नाही. कप घेऊन बाहेर आले तर अर्धी यादी संपलेली! मी “गो बाय माझे!” म्हणून अशी ओरडले की लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत बसलेलं गिऱ्हाईक दचकून उभं राहिलं.

ज्यांना हे आधीपासून ठाऊक आहे त्यांनी खुशाल हसावं. मला आत्ता कळलंय, आणि कळल्यापासून मी भेटेल त्याला धरून सांगतेय. मासे घ्यायला गेले तरी तोच विषय.

मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात, तिठ्यावर माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, भजनी मंडळाचा हिशेब, सातबारा काढून देणं, शिष्यवृत्तीचे अर्ज, आंब्याच्या पेटीवर लावायची लेबलं, सगळं एकाच लॅपटॉपवर. सकाळी तो चालू करायचा आणि झाडलोट, देवपूजा आटोपून यायचं, तेव्हा कुठे पडदा हलायला लागायचा. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घालायची असं ठरलं. त्यात विंडोज १० चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. मशीन त्यानंतरही चालतं, पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या यायच्या बंद होतात, आणि मी तर दिवसभर दुसऱ्यांचे आधार क्रमांक न् बँकेचे तपशील भरत असते. तेव्हा नवी डिस्क, त्यावर नवं विंडोज ११, पहिल्यापासून सुरुवात.

आता पहिल्यापासून सुरुवात म्हटलं की पोटात गोळा येतो. ‘फॉरमॅट मारणे’ हे शब्द आमच्या धंद्यात आजारपणाच्या आवाजात उच्चारले जातात. डिस्क पुसली की मशीन चकाचक होतं, पण पुढचा महिनाभर रोज काहीतरी सापडत नाही. आज फॉन्ट नाही, उद्या प्रिंटर ओळखत नाही, परवा कुणी जुनी पत्रिका मागितली तर अक्षरांच्या जागी चौकोन. इंटरनेटवरून एकेक प्रोग्राम शोधायचा, खरं ‘डाउनलोड’ बटण कुठलं आणि जाहिरातीतलं कुठलं ते ओळखायचं. म्हणून लोक वर्षानुवर्षं तेच आजारी मशीन रेटत राहतात. पुसायची भीती!

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीला आला होता, त्याने माझा चेहरा बघितला आणि दुकानातल्या खुर्चीवर मांडी घालून बसला.

“मावशे, आदी माका एक सांग. ह्या मशिनीत तुझा असा काय आसा?”

“माझा? सगळाच माझा!”

“नाय गो. विंडोज कंपनीचा. प्रोग्राम ज्येचे त्येचे, ते कधीय परत मिळतत. तेंची नावां लिवन ठेवलंस की झाला. तुझा काय ता सांग.”

मी गप्प. कारण असा विचारच कधी केला नव्हता. लॅपटॉपच्या पोटात जे काही भरलंय त्यातला बहुतेक भाग जगात कोट्यवधी ठिकाणी तसाच्या तसा पडलेला आहे. त्याची प्रत जपून काय करायची? त्याचं नाव पुरतं. जपायचं ते दुसरंच: मी केलेलं काम, आणि माझ्या हाताला लागलेल्या सवयी. हे एकदा डोक्यात शिरलं आणि मला एकदम इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

त्या काळ्या खिडकीतल्या प्रोग्रामचं नाव विंगेट. मायक्रोसॉफ्टने तो २०२० च्या मे महिन्यात जाहीर केला आणि पुढच्या वर्षी त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. विंडोज ११ मध्ये तो आधीपासून बसलेला असतो. म्हणजे विकत घ्यायचा नाही, कुठून आणायचा नाही, आपल्याच मशीनमध्ये आहे आणि आपल्याला पत्ता नाही! त्याला ‘एक्स्पोर्ट’ सांगितलं की तो मशीनभर फिरतो, काय काय बसवलंय ते बघतो आणि एक जेसन फाइल तयार करतो. साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते, काही किलोबाइट वजन. मोबाइलवरचा एक फोटो तिच्यापेक्षा किती तरी जड! मी ती छापून काढली. माझ्या सगळ्या दुकानाचा पसारा त्या कागदावर. नव्या डिस्कवर तीच फाइल ‘इम्पोर्ट’ म्हणून द्यायची, की झालं. खिडकी उघडताना अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायची, आणि अटी मान्य आहेत हे त्याच ओळीत जोडायचं, म्हणजे तो मधेमधे परवानगी विचारत बसत नाही.

त्यात शहाणपण किती आहे बघा. यादीत मुद्दाम सांगितल्याशिवाय आवृत्तीचा आकडा नसतो, फक्त नाव असतं. त्यामुळे परत बसवताना आजची ताजी आवृत्ती येते. प्रत्येक प्रोग्राम कुठून आणायचा याची नोंद एका जाहीर साठ्यात असते, ती जगभरातले लोक भरतात आणि दुरुस्त करतात. नोंदीत त्या फाइलचा शा-२५६ हा ठसा असतो. उतरलेल्या फाइलचा ठसा जुळला नाही तर विंगेट ती बसवतच नाही. खोट्या डाउनलोड बटणांत एवढी वर्षं चाचपडलेल्या बाईला हे किती मोठं आहे, ते शहरातल्यांना नाही कळायचं.

मी उड्या मारतेय तेवढ्यात भाच्याने थंड पाणी ओतलं. म्हणे विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांकडे हे कधीपासूनचं आहे. डेबियन नावाच्या लिनक्सची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये आली, तिच्याबरोबर ‘आप्ट’ आलं. नाव सांगा, प्रोग्राम हजर, त्याला लागणारी बाकीची उपांगंही हजर. काय काय बसवलंय त्याची यादी काढा, दुसऱ्या मशीनला द्या, तिथे तेच उभं. विंडोजवाल्यांसाठी चॉकलेटी नावाचं तसंच एक साधन २०११ मध्ये बाहेरच्या लोकांनी केलं. कंपनीला स्वतःला जाग यायला २०२० उजाडलं! मला याचा थोडा रागच आला. इतक्या वर्षांत किती ‘नेक्स्ट’ दाबले असतील मी!

पण प्रोग्राम परत येणं हा अजून सोपा भाग. खरी गंमत पुढे आहे.

मी मराठी टाइप करते ती लिबरऑफिसमध्ये. तिथे शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते, म्हणजे हा शब्द मला ठाऊक नाही असं ते म्हणतं. पत्रिकांमध्ये त्याला ठाऊक नसलेलंच सगळं जास्त! पिरावाडी, हिर्लेवाडी, तोंडवळी, वायंगणी, कुळांची नावं, देवांची नावं, आमच्याकडची आडनावं. एकेक शब्द उजव्या बटणाने दाबून मी त्याला शिकवत आले. शिवाय आपोआप दुरुस्तीची यादी: दोन अक्षरं टाइप केली की ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ हे अख्खं वाक्य उमटतं. असे कितीतरी मंत्र मी त्यात भरलेत. हे सगळं कुठे राहतं? मला वाटायचं, प्रोग्रामच्या आत कुठेतरी, म्हणजे प्रोग्राम गेला की गेलं.

नाही! ते एका फोल्डरमध्ये असतं. अ‍ॅपडेटा नावाचा एक फोल्डर विंडोज आपल्यापासून लपवून ठेवतं. त्यात रोमिंग, त्यात लिबरऑफिस, त्यात ४ नावाचा फोल्डर, त्यात यूजर. तो ४ बघून मला हसूच आलं, कारण लिबरऑफिसची चौथी आवृत्ती २०१३ ची. आता त्यांच्या आवृत्त्यांना सालाचे आकडे असतात, पण फोल्डरच्या दारावरची पाटी कुणी बदललेली नाही. तर तो यूजर फोल्डर उचलायचा, नव्या डिस्कवर त्याच जागी ठेवायचा. बस्स. आत ‘स्टँडर्ड डिक’ नावाची एक फाइल आहे, ती मी नोटपॅडमध्ये उघडली. आणि समोर माझे शब्द! एकाखाली एक, मी शिकवलेले सगळे. आचरा, चिंदर, मुणगे, खवणे, सोलकढी, दशावतार, गाऱ्हाणं... एका नकळत झालेल्या वहीसारखी ती फाइल मी वाचतच बसले. काही शब्द कुठल्या पत्रिकेसाठी घातले तेही आठवलं.

नव्या विंडोजवर लिबरऑफिस बसलं, मी फोल्डर ठेवला, प्रोग्राम उघडला आणि टाइप केलं: हिर्लेवाडी. लाल रेघ नाही. तोंडवळी. नाही! आचऱ्याचं रामेश्वर मंदिर असं लांबलचक लिहिलं, पान स्वच्छ. दोन अक्षरं मारली, प्रार्थनीय उपस्थिती हजर! मशीन नवं, डिस्क नवी, विंडोज नवं, आणि तरी मला ओळखतंय. मी भाच्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो “मावशे, हळू!” म्हणाला.

वर्ड वापरणाऱ्यांचंही असंच असतं, फक्त जागा वेगळ्या. त्याच रोमिंगमध्ये टेम्प्लेट्स फोल्डरात ‘नॉर्मल’ नावाची साचाफाइल असते, तिच्यात तुमचे समास, अक्षराचा आकार, शैली सगळं. आणि आपोआप दुरुस्तीच्या याद्या ऑफिसच्या फोल्डरात ‘एसीएल’ शेपटाच्या फायलींत. एवढ्या दोन गोष्टी उचलल्या तरी निम्मा जीव वाचतो. पण हे सगळं लपवलेलं! डेस्कटॉप न् डॉक्युमेंट्स कॉपी करून लोक निश्चिंत होतात आणि सवयी मागेच राहतात.

लपवण्यावरून भाच्याने एक किस्सा सांगितला तो फार आवडला. लिनक्समध्ये सेटिंगच्या फायलींची नावं टिंबापासून सुरू होतात, आणि टिंबवाल्या फायली यादीत दिसत नाहीत. ही काही कुणी विचार करून काढलेली योजना नव्हे. बेल लॅब्समध्ये युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइकने २०१२ मध्ये लिहिलं की प्रत्येक फोल्डरात ‘हा फोल्डर’ आणि ‘वरचा फोल्डर’ अशा अर्थाच्या एक टिंब आणि दोन टिंबं या नोंदी असायच्या. त्या यादीत दिसू नयेत म्हणून कुणीतरी सोपी वाट काढली: पहिलं अक्षर टिंब असेल तर दाखवू नको. झालं, त्याबरोबर टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल अदृश्य झाली. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपापल्या सेटिंग तिथेच दडवायला सुरुवात केली. आता जगभरचे प्रोग्रामर त्या टिंबफायलींना मुलांसारखं जपतात, गिटमध्ये ठेवतात, आणि नवं मशीन आलं की पहिल्यांदा त्या उतरवून घेतात. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट केलं ते लिनक्सच्या कोडसाठी. माझा भाचा त्यात आपल्या टर्मिनलचा रंग जपतो! त्यात कधी कुठली ओळ बदलली ते तारखेनिशी दिसतं. मी त्याला म्हटलं, माझी शब्दांची फाइलपण घाल त्यात. घातली.

एवढं सगळं ऐकताना मला राहून राहून एकच वाटत होतं: अरे, हे तर आपल्याला येतं! आचऱ्याच्या माणसाला हे शिकवायला पुण्याहून कुणी कशाला यायला हवं?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव, सगळ्या वाड्या, गुरंढोरं, कुत्री, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर पडतो. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस राहत नाही. शेजारच्या चिंदर, वायंगणीतही गावपळण होते. वेशीपलीकडे माळावर, नदीकाठी राहुट्या उभ्या राहतात, रात्री भजनं, फुगड्या, पत्त्यांचे डाव, गजाली. तीन दिवसांनी पुन्हा कौल घ्यायचा. देवाने होकार दिला की गाव भरतो. भुताखेतांची गोष्ट सांगणारे ती सांगतात, गावाला विश्रांती मिळते म्हणणारे तसं म्हणतात. मला विचाराल तर गावपळणीचा खरा कस निघण्याच्या आदल्या रात्री लागतो. काय न्यायचं?

आमच्या आयांना ते तोंडपाठ होतं. चूल कुणी उचलून नेत नाही, तीन धोंडे माळावर मिळतात. कपाट नेत नाहीत, दारं-खिडक्या नेत नाहीत. तांदूळ, टोप, कोयता, कंदील, म्हातारीची औषधं, पोरांची पुस्तकं, दावणीची जनावरं. जे बाहेर मिळेल ते मागे ठेवायचं. जे बाहेर मिळणार नाही ते एक विसरायचं नाही, कारण तीन दिवस परत फिरता येत नाही. भाच्याने खुर्चीत बसून विचारलेला प्रश्न हाच होता की! त्याला म्हटलं तर तो टाळी देऊन हसला. फरक एवढाच की गावपळणीत घर तेच राहतं आणि माणसं जाऊन येतात, लॅपटॉपमध्ये माणसं बाहेर काढून घरच नवं बांधतात. म्हणून इथे जरा जास्तच जपून मोजणी करावी लागते. माळावर मागे राहिलेलं वासरू हाक मारतं, डिस्कवर मागे राहिलेली फाइल मारत नाही.

मग आम्ही तशीच मोजणी केली, एकेक करून.

फॉन्ट. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा मुक्ता, रेड हॅटने मुक्त परवान्यावर दिलेला लोहित, हे पुन्हा कधीही मिळतात, त्यांची नावं पुरेत. पण जुन्या परवान्याचं मराठी पॅकेज, ज्याच्या फॉन्टमध्ये माझ्या जुन्या पत्रिका आहेत, ते विंगेटच्या यादीत आलं नाही. अशा प्रोग्रामांसाठी विंगेट प्रामाणिकपणे सांगतं की हा कुठल्याच साठ्यात नाही. ते नाव मी वेगळ्या कागदावर लिहिलं, त्याची सेटअप फाइल आणि परवान्याचा क्रमांक सोबत घेतला.

आणि मंगल! र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट विंडोज २००० पासून आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलाय. सरकारी परिपत्रकं बघा, जिकडेतिकडे मंगल. पण कोऱ्या विंडोज १० किंवा ११ वर तो नसतो! तिथे देवनागरी दिसते ती निर्मला फॉन्टमध्ये. मंगल हवा तर सेटिंगमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन देवनागरीचे पूरक फॉन्ट मागवायचे, त्यात कोकिला, अपराजिता, उत्साह आणि मंगल असे सगळे एकत्र येतात. किंवा भाषांमध्ये मराठी जोडायची. जुन्या कागदांची पानं नव्या मशीनवर अचानक खालीवर का होतात याचं मला आत्ता कारण कळलं: मंगल नसला की दुसरा फॉन्ट उभा राहतो, त्याची रुंदी वेगळी, आणि तिसऱ्या पानावरची सही चौथ्यावर जाते. किती गिऱ्हाइकांनी ही तक्रार केली असेल! आता मी छातीठोकपणे दुरुस्त करून देते.

ब्राउझर. फायरफॉक्समध्ये खातं उघडून सिंक चालू केलं की खुणा, पासवर्ड, उघडी पानं, जोडलेली अ‍ॅड-ऑन सगळं परत येतं. महाभूलेख, आपले सरकार, पीकविमा, माझ्या रोजच्या वाटा त्याच क्रमाने पुन्हा लागल्या. यात एक गोष्ट मात्र डोळे उघडणारी. आपली माहिती मशीनमधून निघण्याआधीच कुलूपबंद होते आणि किल्ली आपल्या पासवर्डमधून तयार होते, त्यामुळे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलालाही ती वाचता येत नाही. याचा दुसरा अर्थ असा की पासवर्ड विसरून नवा केलात, आणि जवळ दुसरं कुठलं सिंक झालेलं मशीन नाही किंवा रिकव्हरी की नाही, तर ती माहिती तेही परत देऊ शकत नाहीत. डिस्क पुसण्याआधी रिकव्हरी की काढून कागदावर लिहायची. मी ती दुकानात ठेवलेली नाही, कुठे ठेवली ते इथे लिहीत नाही!

जुनी डिस्क. ती फेकायची नाही, केसिंगमध्ये घालायची, यूएसबीला लावली की झाला पेनड्राइव्हचा मोठा भाऊ. काही विसरलं असेल तर तिच्यात सापडतं. पण जुन्या विंडोजवर बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप चालू असेल तर ती दुसरीकडे उघडताना ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती आधी लिहून घेतली नसेल तर डिस्क हातात असून काही उपयोग नाही. भाच्याने ही गोष्ट मला तीनतीनदा सांगितली, मीही तुम्हाला सांगते: आधी किल्ली, मग स्क्रू-ड्रायव्हर.

आता माझ्या लाडक्या सिंकथिंगबद्दल. इथे कामाच्या फायली येतात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज या दोन्ही गोष्टी मनाच्या मालक. ढगात फायली ठेवा म्हणणाऱ्यांना मी म्हणते, आमचे ढग वेगळे! याकोब बोर्ग याने २०१३ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त साधन दोन मशीनमध्ये थेट फायली जुळवतं, मध्ये कुठल्या कंपनीचा साठा नाही. एकाच वाय-फायवर असतील तर बाहेरचं इंटरनेटही लागत नाही. दुकानातला लॅपटॉप संध्याकाळी घरी नेला की घरातल्या जुन्या डेस्कटॉपशी आपोआप बोलतो आणि दिवसभरात बदललेलं तिकडे पोचतं. नव्या डिस्कवर सिंकथिंग बसवलं, डेस्कटॉपने ओळख पटवून घेतली, आणि माझ्या सगळ्या फायली घरातल्या घरात उतरल्या, मोबाइलचा डेटा एक एमबीही न खाता!

माझ्या फायलींची एक प्रत पुण्याला भाच्याकडेही असते, ती मात्र रेंजवरूनच जाते. तिथे भाचा आरसिंक वापरतो, आणि त्यामागची युक्ती ऐकून तर मी थक्क झाले. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये हे साधन बाहेर आणलं. पलीकडच्या मशीनवर जुनी फाइल असते, तिचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची छोटीशी बेरीज इकडे पाठवली जाते. इकडचं मशीन आपल्या नव्या फाइलवरून सरकत सरकत तशाच बेरजा शोधतं. जुळला तो तुकडा ‘तुझ्याकडे आहे’ म्हणून सोडून द्यायचा, न जुळलेला तेवढा पाठवायचा. म्हणजे मोठ्या फाइलमध्ये एक परिच्छेद बदलला तर साधारण तेवढाच वायरीवरून जातो. मंद जोडणीसाठी कॅनबेरात केलेली ही युक्ती आमच्या एका दांडीच्या रेंजला चपखल बसते.

इथे एक सावध सूचना, कारण उत्साहात मीही हे विसरणार होते. जुळवणं म्हणजे जपणं नव्हे! इकडे फाइल पुसली की जुळवणारा इमानेइतबारे तिकडचीही पुसतो. म्हणून सिंकथिंगमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवायचा पर्याय चालू करायचा, आणि शिवाय एक प्रत अशी ठेवायची जिला रोज कुणी हात लावत नाही. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नेम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. गावाबाहेर कशाला, असं ज्याला वाटतं त्याने १६ मे २०२१ आठवावा. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा मालवण-देवगड पट्ट्यात झाडं, खांब, कौलं काय काय पडलं! एका कौलाखाली ठेवलेल्या दोन प्रती एकत्रच भिजतात. आणि वादळ नसलं तरी आमची खारी हवा आहेच, ती यूएसबीच्या टोकांवर हिरवट गंज चढवायला बारा महिने हजर असते.

भाच्याचा स्वतःचा लॅपटॉप तर याच्याही पुढचा. त्यावर निक्सओएस नावाचं लिनक्स. एल्को डॉल्स्ट्रा याने नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात २००६ मध्ये दिलेल्या प्रबंधातली कल्पना त्याच्या मुळाशी आहे, आणि त्यात अख्खं मशीन एका लेखी वर्णनातून उभं करायचं. कुठले प्रोग्राम, कुठली भाषा, कुठला कीबोर्ड, कुठले फॉन्ट, सगळं एका फाइलीत. काही बदललं की मशीनची नवी पिढी तयार होते, जुनी पिढी तशीच राहते, आणि नवीत बिघाड झाला तर चालू करताना मागची पिढी निवडायची. त्याने माझ्यासमोर करून दाखवलं! मागची पिढी निवडली, कालचं मशीन परत. मी विचारलं, हे मला जमेल का? तो म्हणाला, “जमात गो, पण आता नुको. आदी ह्या पचव.” बरोबर आहे त्याचं. प्रिंटरवाल्यांचे ड्रायव्हर आणि सरकारी डिजिटल सहीच्या काठ्या विंडोजवर धड चालतात, तिथेच माझा धंदा.

पण माझी खोड काही जाईना. तो पुण्याला गेल्यावर मला कळलं की विंगेटमध्येही ‘कॉन्फिगर’ नावाचा प्रकार २०२३ पासून आलाय. प्रोग्रामांच्या नावांबरोबर काही सेटिंगही त्याच फाइलीत लिहायच्या, आणि मशीनने त्या स्वतः लावून घ्यायच्या. मी लगेच एक फाइल उघडून बसले. पहिली सेटिंग लिहिली: फाइलच्या नावाचं शेपूट दिसू दे. चालवली. दिसलं! दुसरी: लपवलेले फोल्डर दाखव. तेही झालं. आता तिसरी लिहितेय, मराठी कीबोर्डची, आणि ती अजून ऐकत नाहीये.